जे अपाय करीत नाही, ते लपवावे काय?



ज्या व्यवहारात कुणाचे तरी उघड नुकसान होते, त्याचा न्याय करणे सोपे असते. विषारी अन्न विकणारा अपराधी आहे, हे सांगण्यासाठी कुणा विद्वानाची गरज पडत नाही. अवघड प्रश्न त्यापुढे सुरू होतो. वस्तूत दोष आहे. तो विक्रेत्यास ठाऊक आहे, ग्राहकास नाही. आणि त्या दोषाने ग्राहकाच्या शरीरास कसलाही अपाय होणार नाही. अशा वेळी मौन राखणे हे पाप ठरते काय? ज्याने कुणाचे काही बिघडत नाही, ते झाकून ठेवले तर बिघडले कुठे?

हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही. मटणाच्या दुकानात आकड्याला टांगलेल्या धडासमोर तो रोज पहाटे उभा राहतो. धड सोलणाऱ्याला जे दिसते, ते दोन तासांनी येणाऱ्या गिऱ्हाईकाला दिसत नाही. या दोन तासांच्या अंतरात माणसाच्या ईमानाची परीक्षा होत असते. आपण मात्र बहुधा एकच प्रश्न विचारून समाधान मानतो : जनावर हलाल झाले आहे ना? प्रश्न योग्यच आहे, पण तो पहिला आहे, शेवटचा नव्हे.

मांसातील दाणे

मेंढीचे धड उघडले की कधी कधी अन्ननलिकेच्या भिंतीत, जिभेत किंवा छाती आणि पोट यांना विभागणाऱ्या स्नायूंच्या पडद्यात तांदळाच्या दाण्यांसारख्या पांढुरक्या गाठी आढळतात. सार्कोसिस्टिस नावाच्या एकपेशीय परजीवीच्या या पुटी होत. स्वित्झर्लंडमधील संशोधक मीशर यांनी १८४३ साली उंदराच्या स्नायूंत अशा पांढऱ्या नळ्या प्रथम नोंदवल्या. मात्र हा जीव येतो कोठून आणि जातो कोठे, हे उलगडण्यास १९७२ साल उजाडावे लागले. तेव्हा समजले की त्याचे आयुष्य दोन प्राण्यांत वाटलेले आहे. पुटी असलेले कच्चे मांस मांजराने किंवा कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात या जीवाची पुढची पिढी तयार होते. ती विष्ठेवाटे गवतावर आणि पाण्यात पसरते. तेथून ती चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जाते आणि शेवटी तिच्या स्नायूंत घर करते. डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या पुटी मांजरामार्फत येतात आणि सावकाश वाढतात; म्हणून त्या वयस्क मेंढ्यांत अधिक सापडतात. कुत्र्यामार्फत येणाऱ्या जातींच्या पुटी इतक्या सूक्ष्म असतात की त्या सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाहीत.

दुसरा प्रकार टिनिया ओव्हिस या पट्टकृमीचा. हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी मेंढीने गिळली की अळ्या रक्तावाटे स्नायूंत पोहोचतात आणि हृदय, जबड्याचे स्नायू व छातीचा पडदा येथे पाण्याने भरलेल्या लहानशा पिशव्या तयार करतात. काही काळाने अळी मरते आणि तिच्या जागी पिवळसर, दह्याच्या गोळ्यासारखी किंवा चुनखडीसारखी कठीण गाठ उरते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील मेंढपाळ याला ‘मेंढ्यांचा गोवर’ म्हणतात. खऱ्या गोवराशी त्याचा काही संबंध नाही.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा पाहा. मेंढीच्या स्नायूंतील या दोन्ही पुटींपासून माणसाला रोग होत नाही. टिनिया ओव्हिसचा कृमी माणसाच्या आतड्यात वाढत नाही. सार्कोसिस्टिसच्या ज्या जाती माणसाच्या आतड्यात वाढतात, त्या गोवंशाच्या आणि डुकराच्या मांसातून येतात. मेंढीच्या मांसातून नव्हे. शिवाय चांगल्या शिजवणीत अशा पुटी जिवंत राहत नाहीत. तरीही जगभरातील मांस तपासनीस सोललेल्या धडाचे हृदय कापून पाहतो, पडद्यावरून बोटे फिरवतो, अन्ननलिका निरखतो. गाठी मोजक्या असतील तर तेवढा भाग कापून टाकला जातो; त्या शरीरभर पसरलेल्या असतील तर संपूर्ण धड बाद केले जाते. बाद करण्याचे कारण रोगाचे भय नाही. असे मांस पाहून कोणीही ते स्वखुशीने विकत घेणार नाही, हे ते कारण आहे.

येथे एखादा व्यापारी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही : “ज्याने कुणी आजारी पडत नाही, ते मी का फेकावे? फेकणे हीसुद्धा उधळपट्टीच. आणि गिऱ्हाईकाला सांगून मी त्याच्या मनात नसलेली किळस का निर्माण करावी? खिमा केला की काही दिसत नाही, शिजले की काही उरत नाही.” या युक्तिवादाला उत्तर दिलेच पाहिजे. ‘फसवू नये’ एवढे म्हणून भागणार नाही, कारण आपण कुणाला फसवत आहोत असे त्याला वाटतच नाही.

ओल्या धान्याचा धडा

मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी तो कथन केला असून ‘सहीह मुस्लिम’मध्ये त्याची नोंद आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना आत ओल लागली. विक्रेत्याला विचारता, पाऊस पडल्याने धान्य भिजले, असे त्याने सांगितले. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असा इशारा दिला.

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो, पण त्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ओले धान्य विषारी नसते. उन्हात पसरले तर ते वाळते आणि त्याची भाकरी खाऊन कुणी आजारी पडत नाही. पाऊस विक्रेत्याने पाडलेला नव्हता. दोष त्याच्या हातून घडलेला नव्हता. प्रेषितांनी (स.) त्याला असे विचारले नाही की या धान्याने कुणाला अपाय होईल काय. भिजलेले धान्य विकूच नकोस, असेही सांगितले नाही. ते वर ठेव, एवढेच सुचवले. म्हणजे अपराध ओल हा नव्हता. ओल खाली आणि कोरडे वर, ही रचना अपराध होती. वस्तूतील दोष निसर्गाचा असू शकतो; त्यावर घातलेले पांघरूण मात्र नेहमी माणसाचेच असते.

याच अर्थाची एक व्यवस्था पुढील काळातील मुस्लिम शहरांत दिसते. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुहतसिब’ म्हणत. बाराव्या शतकात शैजरी यांनी या अधिकाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात खाटकांविषयी असे सांगितले आहे की शेळीचे आणि मेंढीचे मांस एकमेकांत मिसळू नये. शेळीच्या मांसावर केशराचे ठिपके द्यावेत आणि मांस विकून संपेपर्यंत तिची शेपटी धडाला तशीच राहू द्यावी, म्हणजे ग्राहकाला पाहताक्षणीच कळेल. विचार करा : शेळीचे मांस हलाल आहे, पौष्टिक आहे, त्यात लेशमात्र दोष नाही. तरीही मेंढीचे म्हणून ते गळ्यात मारले जाऊ नये यासाठी केशराची खूण! येथे आरोग्याचा प्रश्नच नव्हता. ज्याचे पैसे जाणार आहेत, त्याला आपण काय घेत आहोत हे कळले पाहिजे, एवढाच प्रश्न होता.

दोष कशाला म्हणावे?

इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची फार बारकाईने मांडणी केली आहे. खरेदीनंतर वस्तूत आधीपासूनचा दोष आढळला तर ग्राहकास ती परत करण्याचा अधिकार असतो. त्यास ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. पण दोष म्हणजे काय? हनफी विचारधारेचा प्रमाण ग्रंथ ‘हिदाया’ याचे उत्तर बाजाराच्या रिवाजातून देतो. व्यापाऱ्यांच्या व्यवहारात ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत कमी होते, ती गोष्ट म्हणजे दोष. ‘जी शरीराला अपाय करते ती’ अशी व्याख्या केलेली नाही, हे लक्षात घ्या.

या कसोटीवर आपला प्रश्न क्षणात सुटतो. गाठी असलेले मांस आणि स्वच्छ मांस शेजारी ठेवा आणि ग्राहकास दोन्ही दाखवा. तो दोहोंना सारखाच भाव देईल काय? देणार नसेल, तर गाठ हा दोष आहे. आणि विक्रेता तो झाकतो, तेव्हा तो भावातला फरक ग्राहकाच्या खिशातून त्याच्या नकळत काढून घेत असतो. ग्राहकाचे पोट बिघडत नाही हे खरे. पण त्याने जी संमती दिली, ती दुसऱ्याच वस्तूला दिलेली होती. संमती हा सौद्याचा प्राण आहे आणि अज्ञानातून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये हजरत वासिला बिन असका (रजि.) यांचा एक प्रसंग दिला आहे. एका माणसाने ३०० दिरहमांना उंटीण विकली. वासिला (रजि.) तेथेच होते, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. ग्राहक उंटीण घेऊन निघाला हे ध्यानात येताच ते त्याच्यामागे धावले आणि त्यांनी विचारले की ही उंटीण मांसासाठी घेतली की सवारीसाठी. सवारीसाठी, असे उत्तर मिळताच त्यांनी सांगितले की तिच्या पायाच्या तळव्याला छिद्र आहे. सलग प्रवास तिला झेपणार नाही. ग्राहक परतला आणि विक्रेत्याला १०० दिरहम कमी करावे लागले. तो वासिलांवर नाराज झाला, की आपण माझा सौदा बिघडवला. त्यांनी उत्तर दिले की प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आम्ही प्रेषितांशी (स.) केली आहे, आणि विक्रेत्याने दोष सांगितल्याविना विकणे जसे वैध नाही, तसेच ज्याला तो दोष ठाऊक आहे त्याने गप्प राहणेही वैध नाही.

या प्रसंगात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, ‘मांसासाठी की सवारीसाठी?’ हा प्रश्न. वासिला (रजि.) दिसेल तो दोष ओरडून सांगणारे नव्हते. घेणाऱ्याच्या हेतूला बाधा येते की नाही, हे त्यांनी आधी तपासले. सत्यकथनालाही विवेक लागतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची : ते स्वतः विक्रेते नव्हते. त्यांना नफा नव्हता, तोटा नव्हता. त्यांच्याजवळ केवळ माहिती होती. आणि माहिती हीच त्यांच्यासाठी जबाबदारी ठरली. शिक्का मारणारा तपासनीस, धड सोलणारा नोकर, खिमा करणारा कारागीर, हे सर्व या अर्थाने वासिलांच्या (रजि.) जागी उभे आहेत. ‘दुकान मालकाचे आहे, मला काय त्याचे?’ असे म्हणण्याची मुभा त्यांना या शिकवणीत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की सर्व काही सांगायचे ठरवले तर व्यापारच बंद पडेल. सार्कोसिस्टिसच्या सूक्ष्म पुटी जगाच्या अनेक भागांत बहुतांश प्रौढ मेंढ्यांच्या स्नायूंत असतात. मग प्रत्येक किलोमागे खाटकाने त्यांचे नाव घ्यावे काय? नाही. कर्तव्य ज्ञानाच्या मागून येते. जे डोळ्यांना दिसत नाही आणि जे सर्वच जनावरांत सारखे आहे, त्याने एका धडाची किंमत दुसऱ्याहून कमी होत नाही. म्हणून तो बाजाराच्या अर्थाने दोष नव्हे. अल्लाह कुणावरही त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकत नाही. प्रश्न फक्त त्याचा आहे, जे सुरीखाली आले, डोळ्यांनी पाहिले आणि तरीही हाताने झाकले.

याच न्यायाने, दोन गाठी आढळल्या, त्या आजूबाजूच्या मांसासह कापून टाकल्या आणि उरलेला भाग स्वच्छ असल्याची खात्री केली, तर जे विकले जाते त्यात दोष उरला नाही. कायदाही तेवढेच मागतो. पण गाठींनी भरलेला भाग वेगळा काढून यंत्रात घालणे आणि त्याचा खिमा स्वच्छ मांसाच्या भावाने विकणे, ही मदीनेतील त्या राशीचीच आधुनिक आवृत्ती होय. राशीत निदान हात घालता येत होता. खिम्यात हात घालूनही काही कळत नाही. वस्तू जितकी अपारदर्शक, तितकी ती विकणाऱ्याची अमानत जड.

दुसरा आक्षेप : सांगितल्याने लोक विनाकारण घाबरतात. त्यावर उत्तर असे की अर्धे सत्य सांगितले तर घाबरतात. ‘यात किडे आहेत’ हे अर्धे सत्य झाले. ‘या मेंढीच्या पडद्यात गाठी होत्या, त्या माणसाला लागत नाहीत, तो भाग मी काढून टाकला आहे, आपणांस नको असेल तर दुसरे मांस देतो’ हे पूर्ण सत्य झाले. लोकांचे अज्ञान हे सत्य लपवण्याचे कारण होऊ शकत नाही. ते सत्य नीट समजावून सांगण्याचे कारण आहे.

तिसरा आक्षेप : सगळेच असे करतात. याला युक्तिवाद म्हणावे की कबुली, हे वाचकांनीच ठरवावे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रांत असे सांगितले जाते की सदोष कापड विकताना दोष दाखवावा, असे त्यांनी आपल्या भागीदारास बजावले होते. भागीदार ते विसरला आणि ग्राहक कोण होता हेही त्याला आठवेना. तेव्हा इमामांनी त्या विक्रीतून आलेली सगळी रक्कम दान करून टाकली. दोष कापडातला होता. त्याने कुणाचा प्राण जाणार नव्हता. तरीही तो पैसा त्यांना आपल्या घरात नको वाटला. बाजाराची रीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

मौनाची खरी किंमत

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की लपवलेला दोष खरोखरच निरुपद्रवी आहे. पण तो कुणासाठी निरुपद्रवी आहे, हेही विचारले पाहिजे. मांस खाणाऱ्यासाठी आहे. पण सृष्टीत खाणारा एकटा नाही. कापून टाकलेला गाठींचा भाग दुकानाबाहेर कुत्र्यामांजरांपुढे फेकला, तर चक्र पुन्हा सुरू होते. सार्कोसिस्टिसच्या कुत्र्यामार्फत येणाऱ्या जातींनी मेंढ्या आजारी पडतात, गाभण मेंढ्यांचा गर्भपातही होऊ शकतो. तो तोटा कुणा मेंढपाळाच्या वाड्यात होतो, जो आपल्याला कधीच भेटणार नाही.

आणि याच वाटेने एक जीव असाही फिरतो, जो माणसाला मुळीच निरुपद्रवी नाही. एकिनोकोकस नावाचा चिमुकला पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पुटी मेंढीच्या यकृतात आणि फुफ्फुसात होतात. त्या कुत्र्याला खायला मिळाल्या की त्याच्या विष्ठेतून अंडी पसरतात आणि ती अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्याच्याही यकृतात तशाच पुटी वर्षानुवर्षे वाढत राहतात. अनेकदा शस्त्रक्रियेखेरीज इलाज उरत नाही. स्नायूंतली गाठ निरुपद्रवी म्हणून बेफिकिरीने फेकण्याची ज्याला सवय जडली, तो कलेजीतली पुटी फेकताना थांबून विचार करील काय? हात एकच असतो आणि सवयही एकच.

आइसलँडमध्ये एके काळी हा रोग घरोघर होता. १८६३ साली डेन्मार्कचे संशोधक हाराल्ड क्राब्बे तेथे गेले. कुत्रा आणि मेंढी यांच्यातील या रोगाचे चक्र लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून देणारी पुस्तिका काढून ती वाटण्यात आली. पुढे १८९० साली कुत्र्यांवर उपचार करण्याचा आणि पुटी नष्ट करण्याचा कायदा झाला. हळूहळू रोग त्या भूमीवरून नाहीसा झाला. न्यूझीलंडने १९५९ साली कायदा करून कुत्र्यांना नियमित औषध देण्याची मोहीम हाती घेतली आणि २००२ साली देश या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याच देशात १९९३ पासून ‘मेंढ्यांच्या गोवरा’साठीही वेगळी संस्था काम करते. तेथील मेंढीच्या मांसाचा मोठा भाग हलाल पद्धतीने कापला जातो आणि मुस्लिम देशांतही जातो. कत्तलखान्यात तपासनिसाला गाठी आढळल्या की ती माहिती या संस्थेकडे जाते. मग ज्याच्या कळपातून ते जनावर आले, त्याला कळवले जाते : कुत्र्यांना महिन्याच्या महिन्याला औषध द्या, त्यांना कच्चे मांस घालू नका, घालायचेच तर ते शिजवून घाला, किंवा उणे १० अंश सेल्सियसला १० दिवस गोठवून मगच घाला.

हे सर्व कशाच्या बळावर झाले? औषध होते, कायदा होता. पण त्यांच्याही आधी कुणीतरी पाहिलेले सांगितले होते. गाठ दिसली ती तपासनिसाने नोंदवली, नोंद मेंढपाळापर्यंत पोहोचली, मेंढपाळाने कुत्र्याला औषध दिले. या साखळीतील एक जण जरी ‘अपाय तर नाही’ म्हणून गप्प बसला असता, तरी रोगाचे मूळ कुणाच्याच नजरेस आले नसते. ‘ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे’ ही शिकवण केवळ एका ग्राहकाचे पैसे वाचवण्यासाठी नाही, हे येथे उमगते. दोष उघड केल्याने तो जेथून आला तेथवर मागे जातो आणि तेथे दुरुस्त होतो. लपवल्याने तो पुढे जातो आणि फिरून परत येतो.

प्रश्न ग्राहकालाही आहे

वाचकहो, येथवर सर्व बोलणे खाटकाविषयी झाले. पण प्रामाणिक खाटकाला एकटे पाडणारे आपणच नाही काय? समजा, एका दुकानदाराने दोष सांगितला. आपण काय करतो? ‘याच्याकडे खराब माल येतो’ असे मनाशी म्हणतो, शेजाऱ्यालाही सांगतो आणि पुढच्या दुकानात जातो, जेथे कुणी काहीच सांगत नाही. पुढच्या दुकानात गाठी नसतात असे नव्हे. तेथे बोलणारी जबान नसते, एवढेच. ज्याने सत्य सांगितले त्याला दंड आणि ज्याने झाकले त्याला गिऱ्हाईक, हा न्याय रोज आपल्या पिशवीने केला जातो. मग सत्य महाग झाल्याची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करणार?

कुरआनने अन्नाविषयी ‘हलाल’ आणि ‘तय्यिब’ हे दोन शब्द जोडीने वापरले आहेत. सूरह बकराच्या १६८व्या आयतीत हा आदेश समस्त मानवजातीला उद्देशून आहे. हलाल म्हणजे वैध. तय्यिब म्हणजे स्वच्छ, उत्तम, मनाला निर्मळ वाटणारे. पहिल्याची खूण सुरी आणि अल्लाहचे नाव. दुसऱ्याची खूण जनावराच्या चाऱ्यापासून दुकानदाराच्या शब्दापर्यंत सर्वत्र शोधावी लागते. आपण पहिली अट जितक्या कसोशीने पाळतो, तितक्याच बेफिकिरीने दुसरी विसरतो.

ईद-उल-अजहाच्या दिवशी ही जबाबदारी थेट आपल्या हातात येते. आपल्या देशातील २००१च्या कत्तलखानाविषयक नियमांनुसार पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यांहून अधिक जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका जनावराला निदान ५ मिनिटे मिळावीत, ही अपेक्षा आहे. सणाच्या गर्दीत प्रत्येक धडापाशी तपासनीस उभा राहू शकत नाही. तेव्हा नेमून दिलेल्या जागी कुर्बानी करणाऱ्या कुटुंबाने स्वतःचे डोळे उघडे ठेवावेत. कलेजी, फुफ्फुस, हृदय आणि पडदा नीट पाहावा. पुटी किंवा गाठी आढळल्या तर पशुवैद्यकाला दाखवाव्यात. टाकाऊ भाग उघड्यावर न फेकता नगरपालिकेच्या व्यवस्थेत द्यावा किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. कुर्बानीच्या वैधतेविषयी शंका आली तर ती विश्वासू आलिमांना विचारावी.

आणि वाटपाच्या वेळी सूरह बकराची २६७वी आयत स्मरावी. तिचा आशय असा की जे आपल्याला कुणी दिले तर डोळे मिटल्याविना आपण घेणार नाही, ते निवडून अल्लाहच्या मार्गात देऊ नये. या लेखातील प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला या आशयातच दिसते. कसोटी अपायाची नाही; डोळे मिटण्याची आहे. जे घेताना मला डोळे मिटावे लागले असते, ते देताना मी दुसऱ्याचे डोळे झाकतो आहे काय? गरिबाच्या दारी पोहोचणारा वाटा, गिऱ्हाईकाच्या पिशवीत पडणारा खिमा आणि शिक्का मारून पुढे ढकललेले धड, तिन्हींना हा एकच प्रश्न लागू पडतो.

खरेदी-विक्री करणारे दोघे खरे बोलले आणि त्यांनी दोष उघड केला तर त्यांच्या सौद्यात बरकत येते, आणि लपवाछपवी केली तर ती पुसली जाते, या आशयाची हदीस हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी कथन केली असून ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हदीसमध्ये ‘दोघे’ म्हटले आहे, हे विसरू नये. विक्रेत्याने सांगण्याचे धैर्य दाखवावे आणि ग्राहकाने ऐकून घेण्याचे. पुढच्या वेळी एखाद्या खाटकाने आपल्याला स्वतःहून म्हटले की हा भाग नका घेऊ, तर त्याचे दुकान सोडू नका. त्याच दुकानातून दुसरा भाग घ्या, पुन्हा तेथेच जा आणि चार माणसांना त्याचे नाव सांगा. असे एक दुकान आपल्या वस्तीत टिकवून धरणे हीदेखील इबादत आहे.

अल्लाह आपल्या अन्नात निर्मळता, व्यापारात बरकत आणि जबानीत सत्य देवो. आमीन.